रेडिओचं पान प्लगइन मागतंय? प्लगइन शोधू नका, स्ट्रीमची मूळ लिंक शोधा

ही तक्रार दर काही महिन्यांनी कुणाकडून तरी येतेच. जुन्या बुकमार्कवरून रेडिओचं पान उघडलं, तर प्लेअरच्या जागी राखाडी चौकट दिसते आणि ‘फ्लॅश प्लेअर आवश्यक’ असा संदेश. कुठे मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट मागितलं जातं, कुठे विंडोज मीडिया प्लेअरचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. मग कुणीतरी जुना ब्राउझर कुठून तरी उतरवून देतं, त्यावर चार दिवस रेडिओ लागतो, पुढचं अपडेट आलं की पुन्हा तेच. या फेऱ्यातून कायमचं बाहेर पडता येतं, आणि आवाजही आधीपेक्षा चांगला मिळू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. आज कुठलंही पान फ्लॅश इन्स्टॉल करा म्हणत असेल तर ते बटण दाबू नका. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून जुन्या संगणकांवर उरलेल्या फ्लॅशमध्येही मजकूर चालणं थांबवलं. म्हणजे आज ‘फ्लॅशचं नवं अपडेट’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. त्या नावाने जे उतरतं ते बहुतेक वेळा व्हायरस किंवा जाहिरातींचा कचरा असतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. सकाळी भजन किंवा बातम्या लावायच्या घाईत तेच या जाळ्यात अडकतात.

बाकीच्या प्लगइनचीही तीच गत. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार पूर्ण काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटचा आधार १२ ऑक्टोबर २०२१ ला संपवला. ही दारं सुरक्षेसाठी बंद झाली आहेत आणि ती परत उघडणार नाहीत. जुना ब्राउझर घालून रेडिओ ऐकणं म्हणजे त्याच संगणकावर बँकेचे व्यवहारही धोक्यात घालणं. मी तरी हा सल्ला कुणालाच देणार नाही.

रेडिओ मुळात येतो कुठून

स्टेशनकडे एक सर्व्हर असतो. बहुतेक छोट्या-मध्यम स्टेशनांकडे तो आइसकास्ट किंवा शाउटकास्ट या प्रकारचा असतो. तो एमपीथ्री किंवा एएसी स्वरूपातला आवाज सलग पाठवत राहतो. प्लगइनचं काम फक्त तो आवाज घेऊन स्पीकरला देणं एवढंच होतं. नळ मोडला तरी पाइपात पाणी असतं, तसा स्टेशनचा स्ट्रीम बहुतेक वेळा चालूच असतो. त्याला एक साधा पत्ता असतो आणि तो पत्ता व्हीएलसीसारख्या कुठल्याही प्लेअरला दिला की रेडिओ लागतो. प्लगइन लागत नाही, ब्राउझरही लागत नाही. व्हीएलसी फुकट आहे, खुल्या स्रोताचा आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतो, म्हणून पुढची उदाहरणं त्याचीच देतो.

लिंक कशी शोधायची

स्टेशनच्या साइटवर ‘कसं ऐकाल’ किंवा ‘इतर प्लेअर’ असं काही पान आहे का ते पाहा. श्रोत्यांची काळजी घेणारी स्टेशनं लिंक उघडपणे देतात. सॅन फ्रान्सिस्कोचं सोमाएफएम हे २००० सालापासूनचं, जाहिरातींशिवाय श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं स्टेशन. त्याच्या प्रत्येक चॅनलच्या पानावर वेगवेगळ्या दर्जाच्या लिंक मांडून ठेवलेल्या असतात. त्यावर क्लिक केलं की ‘.पीएलएस’ शेपटीची एक छोटी फाइल उतरते. पुष्कळ जण इथेच अडकतात. त्यांना वाटतं गाणं डाउनलोड झालं, आणि फाइल तर जेमतेम एका केबीची.

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वरती चौकटी कंसात ‘प्लेलिस्ट’ असा शब्द असतो. खाली एका ओळीत किती नोंदी आहेत तो आकडा, मग ‘फाइल१’ च्या बरोबर-चिन्हापुढे एक पूर्ण पत्ता, पुढे स्टेशनचं नाव आणि ‘लेंग्थ१’ समोर उणे एक. लांबी उणे एक म्हणजे हे कधी न संपणारं प्रक्षेपण आहे एवढाच अर्थ. ‘फाइल१’ समोरचा पत्ता हीच तुमची स्ट्रीमची लिंक. कधी ‘फाइल२’, ‘फाइल३’ अशाही ओळी असतात. ते त्याच स्टेशनचे पर्यायी सर्व्हर. पहिला भरलेला किंवा बंद असेल तर दुसरा वापरा. ‘.एमथ्रीयू’ फाइल याहून साधी, तिच्यात बहुतेक वेळा नुसता पत्ताच असतो. जुन्या ‘.एएसएक्स’ किंवा ‘.रॅम’ फाइल मिळाल्या तरी त्याही नोटपॅडमध्ये उघडून आतला पत्ता काढता येतो. मात्र तो ‘एमएमएस’ने सुरू होत असेल तर तिथे ‘एचटीटीपी’ घालून एकदा पाहा, आणि नाहीच चालला तर तो स्ट्रीम इतिहासजमा झाला असं समजून नवा शोधा.

साइटवर लिंक दिलेलीच नसेल पण पानावरचा प्लेअर चालत असेल, तर संगणकावर एफ१२ दाबा. उघडणाऱ्या खिडकीत ‘नेटवर्क’ निवडा, तिथे ‘मीडिया’ गाळणी लावा आणि मग पानावरचं प्ले बटण दाबा. यादीत एक ओळ अशी उगवते जिचा आकडा वाढतच राहतो, ती कधी पूर्ण होत नाही. तोच स्ट्रीम. तिच्यावर उजवं क्लिक करून पत्ता कॉपी करा. अशी न संपणारी ओळ दिसत नसेल तर ‘मीडिया’ गाळणी काढा. दर काही सेकंदांनी छोटे छोटे तुकडे उतरताना दिसत असतील, तर ते स्टेशन ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत वापरतंय. मग शोधाच्या चौकटीत ‘एमथ्रीयू८’ शोधा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). जी पहिली सापडेल ती घ्या, कारण बहुतेक वेळा तीच मुख्य यादी असते.

तिसरा मार्ग रेडिओ ब्राउझर या नावाच्या सामुदायिक सूचीचा. श्रोत्यांनीच भरलेली ही सूची आहे. प्रत्येक स्टेशनपुढे कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) आणि बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा येतो तो आकडा, केबीपीएसमध्ये) लिहिलेला असतो. अँड्रॉइडवरचं रेडिओड्रॉइड आणि लिनक्सवरचं शॉर्टवेव्ह ही दोन्ही ॲप याच सूचीवर चालतात.

लिंक मिळाली की व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि एन दाबा, पेस्ट करा, प्ले करा. चालली की लगेच प्लेलिस्ट म्हणून सेव्ह करा. कंट्रोल आणि वाय. पुढच्या वेळी त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की काम झालं. आईबाबांच्या संगणकावर डेस्कटॉपवर अशा तीन-चार फाइल मराठी नावांनी ठेवून द्या. ‘शास्त्रीय संगीत’, ‘बातम्या’, ‘जुनी गाणी’. पान उघडा, जाहिरात बंद करा, कुकीला होकार द्या, हे सगळं त्यांच्या वाटेतून जातं.

काल चालली, आज नाही

लिंक थेट असूनही बंद पडते तेव्हा कारण ओळखायचं एक हमखास ठिकाण आहे: व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि एम दाबलं की संदेशांची खिडकी उघडते. तिथे ४०४ दिसलं तर पत्ता बदललाय, नवा शोधायचा. ४०३ दिसलं तर सर्व्हर तुम्हाला परवानगी नाकारतोय. याचं कारण बहुतेक वेळा दोहोंपैकी एक. एक तर तो स्ट्रीम तुमच्या देशासाठी खुला नाही, किंवा तुम्ही कॉपी केलेल्या लिंकच्या शेपटीला प्रश्नचिन्हानंतर लांबलचक अक्षरं-आकडे होते. ती शेपटी म्हणजे तात्पुरता परवाना. काही तासांत तो संपतो. अशी लिंक सेव्ह करून उपयोगच नाही. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं खोडून एकदा लावून पाहा, काही ठिकाणी चालतं. नाही चाललं तर त्या स्टेशनची दुसरी, बिनशेपटीची लिंक शोधा.

नुसतंच ‘कनेक्ट होत नाही’ असं येऊन वेळ संपत असेल तर पत्त्यातला कोलन आणि त्यानंतरचा आकडा, म्हणजे पोर्ट, बघा. शाउटकास्टची स्टेशनं बरेचदा ८००० किंवा त्याच्या आसपासच्या पोर्टवर असतात आणि ऑफिस, कॉलेज, हॉस्टेलची फायरवॉल असे पोर्ट सर्रास अडवते. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहा. तिथे लागला तर दोष नेटवर्कचा आहे, स्टेशनचा नाही. अशा वेळी स्टेशनची ‘एचटीटीपीएस’वाली लिंक मिळाली तर ती सहसा अडत नाही.

शाउटकास्टची आणखी एक खोड. त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की गाण्याऐवजी स्टेशनची माहिती देणारं पान उघडतं, कारण समोर ब्राउझर आहे हे सर्व्हर ओळखतो. पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि अर्धविराम जोडा, म्हणजे थेट आवाज येतो. एवढ्या एका चिन्हाने कितीतरी ‘बंद पडलेली’ स्टेशनं पुन्हा बोलू लागतात.

ब्राउझरमध्येच ऐकायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. २०१८ पासून क्रोम सहसा आवाजासकट आपोआप काही वाजू देत नाही, त्यामुळे पान उघडल्यावर प्ले बटण स्वतः दाबावं लागतं. आणि २०२० पासून, सुरक्षित (एचटीटीपीएस) पानात बसवलेला साधा एचटीटीपी स्ट्रीम क्रोम एचटीटीपीएसवरून मागायचा प्रयत्न करतो आणि तिथे तो नसेल तर गप्प बसतो. कुठलाही संदेश नाही, नुसती शांतता. तोच पत्ता व्हीएलसीमध्ये वाजतो, म्हणून दोष स्पीकरचा किंवा इंटरनेटचा नाही हे कळतं.

उच्च दर्जा नेमका कशात

इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेकांचं लक्ष प्लेअरवर असतं आणि फरक मात्र स्ट्रीमच्या निवडीत असतो. एकाच स्टेशनचे तीन-चार स्ट्रीम असतात आणि पानावरचा प्लेअर बहुधा मधला किंवा खालचा लावतो. रेडिओ फ्रान्सचं ‘फिप’ घ्या. जॅझपासून शास्त्रीयपर्यंत आणि फ्रेंच गाण्यांपासून आफ्रिकी तालांपर्यंत सगळं एका ओघात वाजवणारं हे स्टेशन १९७१ पासून चालू आहे. त्याचा ‘मिडफाय’ स्ट्रीम १२८ केबीपीएस एमपीथ्री आहे आणि ‘हायफाय’ १९२ केबीपीएस एएसी. चांगल्या हेडफोनवर एकामागोमाग ऐका, फरक कळतो. कॅलिफोर्नियात २००० साली सुरू झालेलं रेडिओ पॅरडाइज तर ३२० केबीपीएस एएसीबरोबर फ्लॅकही देतं, म्हणजे दर्जात काहीही काटछाट न केलेला आवाज. बीबीसी रेडिओ ३ ने २०१० मध्येच ३२० केबीपीएस एएसी आणला, पण ब्रिटनबाहेरच्या श्रोत्याला बीबीसीचा दर्जा कमी मिळतो. पुण्यात किंवा दुबईत बसून तो आकडा दिसत नसेल तर तुमच्या संगणकात शोधाशोध करू नका.

सध्या काय वाजतंय ते व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि जे दाबून पाहा. कोडेक, नमुन्यांचा दर (सॅम्पल रेट), चॅनल सगळं तिथे लिहिलेलं असतं. बाजूच्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये प्रत्यक्ष बिटरेटही दिसतो.

६४ केबीपीएसच्या एएसी प्लसबद्दल एक निरीक्षण. या पद्धतीत वरच्या पट्टीचा बराचसा आवाज पाठवलाच जात नाही, खालच्या पट्टीवरून तो अंदाजाने पुन्हा रचला जातो. बातम्या आणि गप्पांसाठी हे उत्तम आहे, डेटा वाचतो. पण तानपुऱ्याची जवारी, सतारीच्या तरफा, झांजा इथे ते लगेच उघडं पडतं. आवाजाला एक वाळूसारखी खरखर येते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने १२८ एएसीच्या खाली उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडा मोठा म्हणजे आवाज चांगलाच असंही नाही. काही स्टेशनं आधीच १२८ च्या एमपीथ्रीत दाबलेली गाणी ३२० ला प्रसारित करतात. काही जण एफएमच्या ट्यूनरमधून आवाज घेऊन तोच पुढे पाठवतात, आणि एफएमवर आवाजाची मर्यादाच १५ किलोहर्ट्झची असते. शंका असेल तर व्हीएलसीच्या लाल बटणाने मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ती फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, पाहा. १५-१६ किलोहर्ट्झच्या वर सपाट काळोख असेल तर ३२० चा डेटा फुकट खर्च होतोय. कमी आकड्याचा स्ट्रीम लावा, काही गमावणार नाही.

डेटाचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला सुमारे ५८ एमबी, ३२० म्हणजे १४४ एमबी. फ्लॅक संगीतानुसार बदलतो, पण तासाला ४०० एमबीच्या आसपास धरा. घरच्या वायफायवर फ्लॅक, बाहेर १२८. इतकंच.

अडखळत वाजतो

चांगल्या दर्जाचा स्ट्रीम लावल्यावर हमखास येणारी ही दुसरी तक्रार. व्हिडिओ न अडखळता चालतो मग रेडिओच का अडखळतो? कारण थेट प्रक्षेपण पुढचं आधी साठवून ठेवू शकत नाही. जे घडतंय तेच येतं. आइसकास्ट सर्व्हर जोडणी होताच मूळ सेटिंगनुसार सुमारे ६४ केबी डेटा एकदम देतो आणि मग जितकं वाजेल तितकंच पाठवतो. १२८ केबीपीएसला ते ६४ केबी चार सेकंद पुरतात, ३२० ला दीड सेकंद, आणि फ्लॅकला अर्धा सेकंदसुद्धा जेमतेम. म्हणजे दर्जा जितका वरचा तितकी गाठीशी असलेली शिल्लक कमी. वायफायने एक सेकंद डुलकी घेतली की आवाज तुटलाच.

उपाय प्लेअरमध्ये आहे. व्हीएलसीत लिंक टाकतानाच ‘अधिक पर्याय’ उघडा, तिथे ‘कॅशिंग’चा, म्हणजे वाजवण्याआधी किती आवाज साठवायचा त्याचा, आकडा १००० मिलिसेकंद असतो. तो ५००० करा. रेडिओ सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, पण पुढे छोटे अडथळे जाणवणार नाहीत. एचएलएसमध्ये हा प्रश्न कमी येतो, पण तिथे नेट मंदावलं की प्लेअर गुपचूप खालच्या दर्जावर उतरतो आणि कधीकधी तिथेच राहतो. व्हीएलसीच्या सगळ्या सेटिंग उघडून ‘ॲडॅप्टिव्ह लॉजिक’मध्ये सर्वोच्च दर्जा निवडला की हे थांबतं.

आवाज अचानक टेलिफोनसारखा, एकाच कानात किंवा घुसमटलेला येऊ लागला, तर स्ट्रीमला दोष देण्याआधी ब्लूटूथ हेडफोन बघा. मीटिंगचं एखादं ॲप मागे उघडं असेल आणि त्याने हेडफोनचा माइक घेतला असेल, तर हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि संगीताचा दर्जा कोसळतो. त्या ॲपला लॅपटॉपचा माइक द्या, आवाज क्षणात पूर्ववत होतो.

आकाशवाणीचं काय

आपल्याकडून सर्वाधिक विचारणा याचीच असते, विशेषतः परदेशातल्या मराठी घरांतून. आकाशवाणीच्या वाहिन्या न्यूजऑनएअर ॲपवर आणि साइटवर मिळतात. विविध भारती आहे, अनेक प्रादेशिक केंद्रं आहेत, आणि २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली, चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी ‘रागम्’ आहे. हे स्ट्रीम एचएलएस पद्धतीचे असल्यामुळे वर सांगितलेली ‘एमथ्रीयू८’वाली वाट इथे कामी येते. तुकड्यातुकड्यांनी येत असल्यामुळे प्रसारण वीस-तीस सेकंद मागे असतं, म्हणून बातम्यांच्या ठोक्यावर घड्याळ लावू नका. भारतातच राहत असाल आणि घरी डीडी फ्री डिश असेल, तर आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्या टीव्हीवरच मिळतात. नेटची कटकटच नाही. खेड्यातल्या घरासाठी मी आधी हाच मार्ग सुचवतो.

फोनवर ऐकताना स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत रेडिओ थांबत असेल, तर तो अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीचा परिणाम. सेटिंगमध्ये त्या ॲपसमोर बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करा. ब्राउझरच्या टॅबमधून ऐकत असाल तर तेवढ्याने भागेलच असं नाही. तिथे व्हीएलसी किंवा रेडिओड्रॉइडच बरं.

हे सगळं करूनही एखादं स्टेशन लागत नसेल तर स्टेशनलाच लिहा. नुसतं ‘रेडिओ बंद आहे’ असं लिहिलं की उत्तर येत नाही. वापरलेली पूर्ण लिंक, वेळ आणि टाइम झोन, कोणत्या देशातून ऐकता, व्हीएलसीच्या संदेशांतल्या शेवटच्या चार-पाच ओळी, आणि मोबाइल डेटावर लावून पाहिलं का, एवढं द्या. छोट्या स्टेशनांकडे सर्व्हर सांभाळणारी एक-दोनच माणसं असतात. एवढी माहिती हातात असली की ती पटकन दुरुस्ती करतात.